फेस कुठून येतो

५ जानेवारी, सोमवार

नवी वही आहे म्हणून अक्षर जपून काढते आहे. चार दिवसांत मूळपदावर येईल. सकाळची आणि संध्याकाळची धार, ह्यांच्या मधला दुपारचा तासभर तेवढा माझा.

मिल्किंग पार्लर, म्हणजे मशीनने धारा काढायची जागा, सुरू होऊन दोन महिने झाले. "पार्लरला चालले" म्हटलं की शेजारीण अजूनही माझ्या भुवयांकडे बघते. तिला एकदा आणून त्या खड्ड्यात उभं करायला हवं. कमरेइतका खोल खड्डा, दोन्ही बाजूंना वर चार-चार गाई, आणि शेपटीचा फटकारा थेट तोंडावर. सौंदर्य खुलतंच.

आक्कांना खड्डा मानवलेला नाही, पण तक्रार करतील तर शपथ. आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. एकतीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर भावाकडे आल्या, ट्रंक खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हणाल्या म्हणे, "मी बसून खाणार नाही. आजपासून धारा माझ्या." त्यानंतर त्यांनी धार चुकवली ती फक्त दोनदा, दोन्ही वेळा तापात. हाताने धारा काढायचो तेव्हा त्या एका गाईखाली, मी शेजारच्या, आणि मधे जगभराच्या कुटाळक्या. आता पंपाच्या घरघरीत ओरडावं लागतं, आणि ओरडून कुटाळक्या करता येत नाहीत. मशीनचा हट्ट माझा होता. मशीन आणल्याचं वाईट वाटत नाही, ह्याचं मात्र वाटतं.

८ जानेवारी, गुरुवार

आज यंत्रं उघडून साफ केली. एकेका यंत्राला चार कप; चारही कपांचं दूध खाली एका पारदर्शक वाटीत जमतं आणि तिथून पाइपाने पुढे काचेच्या मोठ्या बरणीत जातं. बरणी भरत आली की पंप आपोआप दूध टाकीत ढकलतो. वाटीला हवेसाठी एक बारीकसं भोक असतं. ते बुजलं की दूध तुंबतं. "रोज साफ ठेवा," असं कंपनीच्या माणसाने प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं, आणि मी ते वहीत दोनदा लिहून घेतलं होतं.

आक्का केरसुणीची काडी घालून हे काम उरकायच्या. केरसुणीची काडी, आणि ती दुधाच्या वाटीत! मी गादी शिवायची जाड सुई उकळून घेतली. आठही भोकांतून रोज गोल फिरवून काढायची. कशी लख्ख होतात. काही कामं माणसाला उगाचच आवडतात.

१९ जानेवारी, सोमवार

सुई फिरवत होते तर आक्का म्हणाल्या, "वहिनी, ती सुई जरा जाड नाही का गं?"

मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला सुईत दोरा ओवायला मी लागते. भोकाचं माप कसं दिसलं?"

त्या हसल्या. मीही हसले. नंतर वाटलं, बोलणं जरा लागलं असेल. पण एकदा पद्धत पाडली की ती मोडू नये.

११ फेब्रुवारी, बुधवार

बरणीत फेस दिसतो आहे. थोडासा नाही, वर चांगला वीतभर.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फेस वाढला. फेस वर चढला की बरणीतल्या, दुधाची पातळी ओळखणाऱ्या दांडीला वाटतं दूध भरलं, मग पंप सुरू होतो आणि दुधाऐवजी हवाच टाकीत ढकलतो. टाकीतही फेस. मोजपट्टी घातली तर दूध कुठे संपतं आणि फेस कुठे सुरू होतो कळेना.

मिस्त्रीला फोन केला. तो बाहेरगावी कुठल्याशा डेअरीच्या कामात अडकलाय, महिना-दीड महिना येणं नाही. फोनवरच म्हणाला, "ताई, फेस म्हणजे हवा. कुठून तरी हवा आत जातेय. शोधा."

शोधते. शोधण्यात मी हार मानणारी नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आतापर्यंत केलं ते लिहून ठेवते. बरणीच्या झाकणाचं रबर बदललं. पंपाचं सील बदललं. पाइपाच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून पाहिलं. टाकीत दूध उंचावरून पडत होतं, तिथे नळी वाढवून ते भिंतीलगत सोडलं. धुतल्यावर पाणी दोनदा फिरवलं, न जाणो साबण राहत असेल. भोकं सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा सुईने साफ करायला लागले.

फेस होता तसाच, उलट जास्तच. दुधाच्या फेसाने माझ्याच तोंडाला फेस आणलाय. आक्का म्हणतात, "नकटीचं दूध मुळात फेसाळच." नकटी म्हणजे चौदा नंबरची गाय. कानातल्या बिल्ल्यावर नंबर आहे, पण आक्का ढुंकून बघत नाहीत. बत्तीस गाईंची बत्तीस नावं त्यांनीच ठेवलेली. मी म्हटलं, "आक्का, एका गाईने आठ यंत्रांत फेस होत नाही."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टँकरवाल्याने टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, चमचाभर दूध जिभेवर ठेवलं आणि थुंकला. "खवट लागतंय." सगळं दूध टाकीतच राहिलं. हवेत घुसळून घुसळून दूध खवट होतं म्हणे. ह्या घरचं दूध कोणी नाकारल्याचं आजवर कधी झालं नव्हतं.

टाकी रिकामी करायला आक्काच पुढे झाल्या. नळ सोडला आणि दूध पूर्ण जाईपर्यंत गटाराशी उभ्या राहिल्या. मी आत निघून गेले, मला बघवेना.

२ मार्च, सोमवार

सापडलं असं वाटतंय.

सडाला कप लावताना नळी मुडपून धरायची असते, म्हणजे हवा आत जात नाही. हात चुकला की कप 'फुस्स' करून हवा ओढतो. आज मी आक्कांच्या शेजारी उभी राहून ऐकलं. त्यांचे हात आता थरथरतात. एका बाजूच्या चार गाई होईतो पाच वेळा फुस्स.

५ मार्च, गुरुवार

मोजायचं ठरवलं. छोटी वही खिशात ठेवली आणि प्रत्येक फुस्सला एक रेघ. सकाळी सतरा, संध्याकाळी एकवीस. आक्कांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय लिहितेस गं सारखं?" मी म्हटलं, "हिशेब." खोटं बोलवलं नाही आणि खरंही सांगवलं नाही. पण त्यांना कळलं असावं. त्यानंतर एकेक कप लावताना त्या श्वास रोखून धरतात, आणि त्यामुळे हात आणखीच थरथरतो.

(वरची तारीख चुकली, हे सगळं दोन दिवसांचं मिळून आहे. असू दे.)

९ मार्च, सोमवार

आज कहर झाला. फेस बरणीतून वरच्या हवेच्या पाइपात चढला, मशीन धाडकन बंद पडलं आणि आठही गाईंचे कप एकदम गळून पडले. नकटी बिथरली. तिने लाथ झाडली ती आक्कांच्या मनगटावर. हाड शाबूत आहे, सूज मात्र आहे.

मी पट्टी बांधता बांधता बोलून टाकलं. आधी ठरवलं नव्हतं. "आक्का, तुम्ही आता खड्ड्यात उतरू नका. एकतीस वर्षं केलंत, पुष्कळ झालं. विश्रांती घ्या."

"मनगट बरं होईपर्यंत?"

मी म्हटलं, "कायमचीच घ्या की."

त्यांनी पट्टीची गाठ स्वतःच दाताने ओढून घट्ट केली. "बरं," म्हणाल्या. किती समजूतदार आहेत! मला वाटलं होतं, रडारड होईल.

१० मार्च, मंगळवार

आक्कांच्या जागी हे खड्ड्यात उतरले. ह्यांचा जन्म चाऱ्या-वैरणीत गेला, कप धरणं म्हणजे ह्यांना साप धरण्यासारखं. म्हणून एकाच बाजूची चार यंत्रं चालवली. वेळ दुप्पट लागला, पण फेस निम्म्याहून कमी! मी ह्यांना बरणी दाखवली. "बघा. पटलं?"

हे काही बोलले नाहीत. घरी गेलो तर आक्का मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या, अंघोळ करून, केस बांधून, धारेचं जुनं जाकीट घालून. पहाटे साडेचारला उठल्या होत्या म्हणे. सवयच ती, जाईल हळूहळू.

१७ मार्च, मंगळवार

आक्का स्वयंपाकघरात मदत करू बघतात. मी म्हणते, "बसा हो." मग बसतात. पंप सुरू झाला की खिडकीशी जाऊन उभ्या राहतात आणि पंप बंद झाला की परत येऊन बसतात. आज म्हणाल्या, "पुतणी बरेच दिवस बोलावतेय. जाऊन येते." पुतणी म्हणजे त्यांच्या सासरकडची; शहरात नोकरी करते, एकटीच असते. मी म्हटलं, "जा की, तेवढाच बदल." खरं तर इतक्या वर्षांत पुतणीचं नाव त्यांच्या तोंडून चार वेळाही ऐकलं नव्हतं.

२० मार्च, शुक्रवार

गेल्या. हे सोडायला गेले होते. आल्यावर जेवले नाहीत. "ट्रंक नेली तिने," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "पिशवीत कपडे चुरगळतात म्हणून नेली असेल."

आज मला उगीच रितं रितं वाटतंय. धार लवकर उरकली, तरी.

२८ मार्च, शनिवार

ह्यांचा हात बसला. आज आठही यंत्रं लावली.

फेस. वीतभर, मग दोन विती. बरणीच्या गळ्यापर्यंत.

ह्यांचा फुस्स मी मोजला, तीन. माझा स्वतःचा कधी मोजलाच नव्हता. आज मोजला तर अकरा.



६ एप्रिल, सोमवार

मिस्त्री एकदाचा आला. बरणीकडे बघितलंही नाही, थेट एक वाटी उचलून उजेडात धरली. मग खिशातून एक छोटी तार काढली. "ही एक मिलिमीटरची. भोकात घट्ट बसली पाहिजे." तार घातली तर भोकात चक्क हलत होती. दुसरी वाटी, तिसरी वाटी; सगळीकडे तेच. दोन तारा एकदम जात होत्या.

"ताई, ही भोकं कोरलीत कोणीतरी. ही वाटी प्लास्टिकची, जाड सुईबिई फिरवली की रोज केसभर मोठं होतं. आठ यंत्रांतून सारखी हवा जातेय, फेस होणार नाही तर काय! हे बुजलं तर नुसतं पाण्याने धुवायचं, फार तर बारीक काडी. कोण साफ करायचं हे?"

हे तिथेच उभे होते. मी म्हणाले, "आधी आक्का करायच्या."

शब्दाने खोटं नाही. आधी आक्काच करायच्या.

मिस्त्री म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांना काय कळणार यातलं," आणि वाट्या बदलायला लागला. मी तिथे उभी राहून मान डोलावली. आठ नव्या वाट्या बसल्या आणि संध्याकाळी बरणीत पांढरंशुभ्र, शांत दूध आलं. वर बोटभरही फेस नव्हता. इतका त्रास आणि उत्तर एवढंसं.

रात्रीच्या जेवणाला हे भाजी वाढून घेताना म्हणाले, "आक्का काडीने करायची."

एवढंच. मी पाणी आणायला उठले आणि नळाशी उभीच राहिले.

७ एप्रिल, मंगळवार

मागची पानं वाचून काढली. ८ जानेवारीचं पान फाडावं असं आधी वाटलं. मग १९ जानेवारीचं वाचलं. त्या सांगत होत्या. मी थट्टा करून त्यांचं तोंड बंद केलं, वर वहीत लिहून ठेवलं की मीही हसले. आणि फेस वाढेल तशी मी सुई दोन वेळा फिरवायला लागले! शहाणपणाची कमाल.

पण सुईचं एवढं नाही. सुई चुकून झाली, कोणाच्याही हातून व्हावी अशी. "कायमचीच घ्या की" हे चुकून नाही झालं. मिस्त्रीसमोरचं तर अजिबात नाही. ते सगळं मी धडधडीत उजेडात, शुद्धीवर असताना केलं.

मी वाईट बाई आहे का? कोणाला विचारावं? ज्यांना विचारलं असतं त्यांनाच घराबाहेर काढलं.

सकाळी मिस्त्रीला फोन करून सांगितलं, सुई माझी होती. तो म्हणाला, "असू दे हो ताई, होतं असं." त्याला काय फरक पडतो.

१२ एप्रिल, रविवार

आज आक्कांकडे जाऊन आले. एकटीच गेले. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. पुतणी चांगली आहे, चहा करून दिला आणि बाजाराचं निमित्त काढून बाहेर गेली. ट्रंक पलंगाखाली सरकवलेली होती, वर व्यवस्थित कपडा घातलेला.

वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "आक्का, फेस माझ्यामुळे होत होता. सुईने भोकं मोठी झाली. तुमच्या हातांमुळे नव्हता."

मला वाटलं, आता बोलतील, बोलावंच त्यांनी, मी सगळं ऐकून घ्यायला आले होते.

"म्हणजे माझे हात गेले नव्हते?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आक्का."

"मी रोज बघत बसते गं ह्या हातांकडे." दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले. "म्हटलं, ह्यांच्यामुळे घरचं दूध गटारात गेलं. मी ओतलं ना ते. सगळं जाईपर्यंत उभी होते. म्हटलं, बघ बाई, हे तुझं."

मला रडू फुटलं. त्या उठल्या, पाणी दिलं. मी रडत रडतच मिस्त्रीचंही सांगून टाकलं, तुमचं नाव घेतलं म्हणून. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"भाऊ होता तिथे?"

"होते."

"त्याला खरं वाटलं?"

"नाही. त्यांना काडी माहीत होती."

"मग झालं तर," म्हणाल्या, आणि खिडकीबाहेरच्या त्या भिंतीकडे बघत बसल्या.

मी म्हटलं, "चला ना घरी. आत्ताच. ट्रंक मी उचलते." त्यांनी तळवे माझ्यापुढे धरले. "बघ, भेगा सगळ्या भरल्या. एकतीस वर्षांनी साबण झोंबत नाही. आता परत नाही गं वहिनी. तेव्हा कुणी जायला सांगेल असं डोक्यातच नव्हतं, म्हणून राहिले. आता रोज वाटत राहील."

"मी पुन्हा कधीच..."

"तू नाही सांगणार, माहीत आहे मला. पण मला वाटत राहील त्याचं काय करशील?"

भांडल्या असत्या तर पाय धरले असते. निघताना त्यांनी नकटीची चौकशी केली, लाथेचा राग कोणी तिच्यावर काढला नाही ना म्हणून. मी म्हटलं, नाही. "येईन एकदा सुट्टीची," म्हणाल्या. "पुतणीला वेळ असला की."

२० एप्रिल, सोमवार

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू गेलीस ते बरं केलंस." मग म्हणाले, "मीही काही बोललो नाही तेव्हा." आम्ही दोघं वैरणीच्या ढिगाशी बसून राहिलो. दूध उत्तम जातंय. टँकरवाला खूश आहे.

१६ मे, शनिवार

आक्का आल्या होत्या, पुतणीबरोबर, दिवसभरासाठी. हातात लहानशी पर्स. नवी चप्पल. तब्येत सुधारली आहे, हे सगळ्यात आधी डोळ्यांत भरलं आणि वाईट वाटलं.

बाहेरच्या खोलीत बसल्या. मी चहा केला तर "कशाला एवढं" म्हणाल्या. कप विसळायला घेऊन निघाल्या होत्या, मग थबकल्या आणि परत टेबलावर ठेवला. पुतणीला गोष्टी सांगत होत्या, कोणत्या गाईची आई कोणती, कोण दूध चोरायची. सगळं भूतकाळात बोलत होत्या, जसं आपण लहानपणच्या घराबद्दल बोलतो.

संध्याकाळची धार सुरू झाली. मी आणि हे खड्ड्यात होतो, आठही यंत्रं चालू. बराच वेळ दाराशी कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वर बघितलं. आक्का होत्या. दाराच्या बाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे, चप्पल काढून. पंपाच्या आवाजात त्या काहीतरी म्हणत होत्या, ऐकू येईना. मी ह्यांना पंप थांबवायला सांगितला.

एकदम शांत झालं. गाईंनी माना वळवल्या.

आक्का म्हणाल्या, "आत आले तर चालेल ना?"